बालकलाकाराचा परवाना : पाच तास, सत्तावीस दिवस, वीस टक्के

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर दोन-तीन निवेदने सरकून जातात. तंबाखू आरोग्याला घातक आहे, हे पहिले. प्राण्यांना इजा झालेली नाही, हे दुसरे. आणि चित्रपटात लहान मूल असेल तर तिसरे : चित्रीकरणाच्या काळात त्या मुलाचा छळ, हेळसांड किंवा पिळवणूक होऊ नये म्हणून सर्व काळजी घेतली आहे. पहिली दोन आपल्याला पाठ झाली आहेत. तिसऱ्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ते निर्मात्याने सौजन्यापोटी घातलेले नसते. केंद्र सरकारने २ जून २०१७ रोजी प्रसिद्ध केलेल्या नियमांनी त्याच्यावर तशी सक्ती केली आहे. आणि ते एक वाक्य ही त्या नियमांतली सर्वांत सोपी अट आहे. बाकीच्या अटी पडद्यामागे पाळायच्या असतात. त्या पाळल्या जातात की नाही हे पाहायला प्रेक्षक तिथे नसतो. पाहू शकतात ते आईबाप, शाळा आणि गाव. म्हणून त्या अटी गावाला ठाऊक असणे गरजेचे आहे.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात हा विषय आता मुंबईपुरता राहिलेला नाही. वाईचा घाट हिंदी सिनेमाला कधीचा ठाऊक आहे. ‘स्वदेस’चे चित्रीकरण तिथलेच. ‘लागिरं झालं जी’सारखी मालिका सातारच्या गावात उभी राहिली. युट्यूबवर गावरान मालिका करणारे गट तालुक्या-तालुक्यात झाले आहेत. दिग्दर्शकही चेहरे शोधायला आता थेट खेड्यात येतात. ‘टिंग्या’मधला शरद गोयेकर आणि ‘फँड्री’मधला सोमनाथ अवघडे, दोघेही खेड्यातून कॅमेऱ्यासमोर आले आणि दोघांनाही उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही दोन पोरे कॅमेऱ्यासमोर उभी राहिली तेव्हा बालकलाकाराच्या कामाचे तास ठरवणारा कायदा आपल्याकडे नव्हता. आज आहे. तो काय म्हणतो, कुठे थांबतो आणि आपल्या यात्रेच्या मंडपापर्यंत पोहोचतो का, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

पोरांवर उभी राहिलेली रंगभूमी

मुलांनी रंगमंचावर कमाई करणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ केले. त्या दिवसाची आठवण म्हणून आपण आजही रंगभूमी दिन पाळतो. पण पुढची ऐंशी-नव्वद वर्षे ही रंगभूमी चालली ती बऱ्याच अंशी मिसरूड न फुटलेल्या मुलांच्या जिवावर. स्त्रिया रंगमंचावर येत नसत, म्हणून कोवळ्या चेहऱ्याचा, गोड गळ्याचा मुलगा कंपनीला हवा असे. कंपनी त्याला जेवण, कपडा आणि तालीम देई. शाळा बहुधा सुटे. आवाज फुटला की भूमिका जाई. नागठाण्यात १८८८ साली जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेले तेव्हा सतरा वर्षांचे होते. ‘बालगंधर्व’ हे नाव मात्र त्यांना त्याआधीच, पोरवयातल्या गाण्यावर मिळाले होते. एक मुलगा बालगंधर्व झाला म्हणून त्याचे नाव राहिले. ज्यांचा गळा सोळाव्या वर्षी गेला त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

सर्कशीचेही तसेच. भारतीय सर्कशीचे जनक मानले जाणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे. १८८० साली त्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस झाली, आणि सर्कस म्हटले की तासगावचे नाव निघू लागले. झुल्यावरची कसरत लहान वयात अंगात मुरवावी लागते, म्हणून तंबूतही पोरे आलीच.

आणि एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे. सांगलीत राहून गेलेल्या मंगेशकर कुटुंबावर २४ एप्रिल १९४२ रोजी आभाळ कोसळले. मास्टर दीनानाथ गेले. थोरली लेक लता तेव्हा साडेबारा वर्षांची होती. त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात तिने काम केले, आणि घर चालवण्यासाठी करत राहिली. त्या वेळी देशात १९३८ चा मुलांच्या रोजगाराचा कायदा होता. पण तो रेल्वे, बंदरे, विड्या, काडेपेट्या, गालिचे, कातडी कमावणे अशा धंद्यांपुरता होता. नाटक-सिनेमात राबणारे मूल त्याच्या नजरेत कामगार नव्हतेच. १९५० च्या संविधानातील २४ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांतून बाहेर काढले. त्यातही स्टुडिओ आला नाही. १९८६ चा बालकामगार कायदा हा बंदी घातलेल्या धंद्यांची यादी होती. त्या यादीतही अभिनय नव्हता.

२०१६ ची कलाटणी

२०१६ साली हा कायदा मुळातून बदलला, आणि १ सप्टेंबर २०१६ पासून बदल लागू झाला. आधी ‘या यादीतली कामे सोडून बाकी चालेल’ असे होते. आता ‘चौदा वर्षांखालील मुलाला कोणतेच काम चालणार नाही’ असे झाले. त्याला फक्त दोन अपवाद ठेवले. एक, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना, घरच्या धंद्यात मदत करणे. तेही काम धोक्याचे नसेल तर. दोन, कलाकार म्हणून काम करणे : जाहिरात, चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका किंवा तशाच इतर करमणुकीत, तसेच खेळात. अट अशी, की शाळेचे नुकसान होता कामा नये.

या दुसऱ्या अपवादाला लगेच एक अपवाद जोडला आहे : सर्कस वगळून. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा १८ एप्रिल २०११ चा निकाल आहे. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालायला सांगितले होते. ज्या जिल्ह्याने देशाला सर्कस दिली, त्या जिल्ह्यातले मूल आज सिनेमात नाचू शकते, मैदानात खेळू शकते, पण सर्कशीच्या झुल्यावर कामाला चढू शकत नाही.

कलाकाराचा अपवाद मोकळा सोडलेला नाही. तो कसा वापरायचा हे २०१७ च्या नियमांतील ‘२ सी’ या नियमात आहे. ते कलम एका पानात मावते. त्यातल्या अटी अशा :

मुलाने दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम करायचे नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम नाही.

ज्या जिल्ह्यात चित्रीकरण किंवा कार्यक्रम आहे, त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्याची, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टरची, परवानगी निर्मात्याने आधी घ्यायची. सोबत ठरावीक नमुन्यातले हमीपत्र, मुलांची यादी, आईबापाची किंवा पालकाची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचे नाव द्यायचे. हे हमीपत्र सहा महिने चालते. त्यात मुलाच्या आरोग्याची, वेळेवर पोषक आहाराची, स्वच्छ आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय लिहून द्यायची. शिक्षणहक्क आणि लैंगिक अत्याचारविरोधी कायदा यांसह मुलांच्या संरक्षणाचे सर्व कायदे पाळण्याची हमीही द्यायची.

दर पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस नेमायचा. शाळेत खंड पडणार नाही अशी शिकण्याची सोय करायची. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग थेट राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा. तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळेल.

आणि शेवटची अट, जी मला सर्वांत मोलाची वाटते : मुलाच्या इच्छेविरुद्ध आणि त्याच्या संमतीशिवाय त्याला कशातही भाग घ्यायला लावायचे नाही. आईबापाची सही पुरेशी नाही. पोराने ‘मला नाही करायचं’ म्हटले, तर कायद्याने तिथेच थांबायचे आहे.

मोडणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस हजार ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. पालकांना मात्र सहसा शिक्षा नाही. पण त्यांनी कायदा मोडून व्यापारी कामासाठी मुलाला पाठवले असेल तर ही सवलत मिळत नाही.

चौदा ते अठराची फट

वरच्या सगळ्या अटी ‘बालक’ या शब्दाला चिकटलेल्या आहेत, आणि बालक म्हणजे चौदा वर्षे पूर्ण न झालेले मूल. माळशिरस तालुक्यातल्या अकलूजची रिंकू राजगुरू हिला ‘सैराट’साठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला तेव्हा ती शाळेतच होती. पण चौदा ओलांडलेल्या अशा मुलीला वीस टक्के मुदत ठेवीची, पाच मुलांमागे एका माणसाची, कलेक्टरच्या परवानगीची ही कलमे लागू होत नाहीत.

तिला काय लागू होते? चौदा ते अठरा या वयाला कायदा ‘किशोरवयीन’ म्हणतो. खाणी, स्फोटके आणि धोक्याच्या प्रक्रिया सोडून बाकी कामे ते करू शकतात. मात्र त्यांच्यासाठी कायद्याच्या सातव्या कलमात घड्याळ दिले आहे : सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाला एकूण सहा तास, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम अजिबात नाही. ही घड्याळे ‘आस्थापनां’ना लागतात. आस्थापनेच्या व्याख्येत दुकान, हॉटेल यांच्याबरोबर नाट्यगृह आणि सार्वजनिक करमणुकीची जागाही आहे.

इथे एक विसंगती दिसते. घरच्या दुकानात मदत करणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला रात्री सातनंतर कामाची मनाई आहे. सोळा वर्षांच्या कलाकाराला नाट्यगृहात सातनंतर मनाई आहे. पण दहा वर्षांच्या बालकलाकारासाठी ‘२ सी’ नियमात रात्रीचे बंधनच लिहिलेले नाही. पाच तास मोजले, की ते रात्री दहा ते पहाटे तीन असले तरी नियमाचे शब्द मोडत नाहीत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचनांचा जो मसुदा काढला, त्यात रात्रीचे हे बंधन कलाकारांनाही घातले होते, किशोरवयीनांना कक्षेत घेतले होते आणि ओटीटी व समाजमाध्यमांचाही विचार केला होता. फट कुठे आहे हे आयोगालाही दिसले होते, असा त्याचा अर्थ.

यात्रेतला फड, आखाडा आणि दोर

आता आपल्या अंगणात येऊ. कार्तिकात आटपाडीला उत्तरेश्वराची यात्रा भरते. खरसुंडीलाही सिद्धनाथाची यात्रा असते. यात्रा म्हटली की तमाशा, ऑर्केस्ट्रा आणि कुस्त्यांचा फड आलाच. हे ‘२ सी’मध्ये बसते का?

नियमाचे शब्द असे आहेत : दृक्‌श्राव्य माध्यमातली कोणतीही निर्मिती किंवा ‘कोणताही व्यापारी कार्यक्रम’. तिकीट लावून कनातीत होणारा तमाशा किंवा सुपारी घेऊन आलेला ऑर्केस्ट्रा हा व्यापारी कार्यक्रम नाही असे म्हणणे अवघड आहे. म्हणजे त्यात नऊ वर्षांची मुलगी लावणीवर नाचवायची तर परवानगी लागते. याउलट शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणपतीपुढे गल्लीतल्या पोरांनी नाच केला तर तिथे निर्माता नाही, धंदा नाही आणि कमाईही नाही. कायद्याचा रोख तिकडे नाही, आणि नसावा.

तमाशात आणखी एक गाठ आहे ती उचलीची. हंगामाआधी फडमालकाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत फडात राहायचे, हा ऊसतोडीसारखाच व्यवहार. घरटी उचल घेतली की घरातले पोरही त्यात धरले जाते. पंधरा वर्षांखालील मुलाचे श्रम असे गहाण टाकणारा करार रद्दबातल ठरवणारा कायदा या देशात १९३३ सालीच झाला होता. अज्ञानाने केलेला करार मुळातच पोकळ असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात सांगितले होते. उचल आईबापाच्या नावावर असते. ती पोराच्या पायातून फेडून घेता येत नाही.

कुस्तीचे काय? कायद्याने कलाकाराच्या व्याख्येत खेळाडूही धरला आहे. यात्रेत सकाळी रेवड्या-खोबऱ्यावर लागणाऱ्या लहान पोरांच्या कुस्त्या हा गावाचा आनंद आहे. त्याला परवाना मागायला कुणी जाऊ नये. पण मैदान मोठ्या बक्षिसांचे, जाहिरातदारांचे आणि तिकिटाचे झाले, थेट प्रक्षेपण सुरू झाले आणि बारा वर्षांच्या पोराच्या नावाने गर्दी खेचली जाऊ लागली, की मामला बदलतो. कुठे रेघ ओढायची याचा विचार यात्रा कमिटीने आधीच केलेला बरा.

आणि आखाड्याच्या बाहेर, बाजाराच्या कडेला दोरावर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी. तिच्यापुढे कॅमेरा नाही, हमीपत्र नाही. कायद्याच्या पुस्तकात ती कलाकारही नाही. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ याने भिकेची व्याख्या करताना गाणे, नाचणे आणि कसरत करून सार्वजनिक जागी पैसे घेणेही त्यात ओढले आहे. तोच दोर, तोच तोल स्टुडिओत केला तर पाच तासांची मर्यादा, पोषक आहार आणि मुदत ठेव. रस्त्यावर केला तर भीक. ती मुलगी दोरावर राहावी असे माझे म्हणणे नाही. तिची जागा शाळेतच आहे. पण संरक्षणाची मोजपट्टी मुलाचे श्रम पाहून लावायची की मुलाच्या मागे उभा असलेला धंदा पाहून, हा प्रश्न विचारायला हवा.

फोनमधला फड

सगळ्यांत अवघड जागा फोनची आहे. आईबापच पोराला नाचवतात, व्हिडिओ काढतात, चॅनेलवर टाकतात. प्रेक्षक वाढले की जाहिरातीचे पैसे येतात, मग दुकानाच्या उद्घाटनाची बोलावणी येतात. इथे निर्माता कोण? बाप. संमती कुणाची? बापाचीच. सुरक्षिततेची जबाबदारी घेणारा? तोही बापच. ज्याच्यावर नजर ठेवायची आणि ज्याने नजर ठेवायची, तो एकच माणूस झाला. आयोगाच्या २०२२ च्या मसुद्याने अशा घरगुती निर्मितीला कौटुंबिक उद्योग मानण्याचा मार्ग धरला होता. कौटुंबिक उद्योगाच्या अपवादात शाळेच्या वेळेत काम नाही आणि रात्री सात ते सकाळी आठ काम नाही, ही बंधने आहेत. पण वीस टक्क्यांची ठेव तिथे नाही. मुलाच्या चेहऱ्यावर कमावलेल्या पैशात मुलाचा वाटा किती, याचे उत्तर त्यामुळे बापाच्या मनावर उरते.

वीस टक्के कुठून आले?

मुलाच्या कमाईतला वाटा राखून ठेवण्याची कल्पना अमेरिकेतली आहे. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’ या १९२१ च्या चित्रपटातला पोरगा जॅकी कूगन. त्याने लहानपणी लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर पाहतो तर आई आणि सावत्र बापाने बहुतेक सगळे उडवलेले. १९३८ साली तो कोर्टात गेला, पण हाती फार थोडे आले. कारण मुलाची कमाई आईबापाची, असाच तिथला कायदा होता. त्याच्या खटल्यामुळे १९३९ साली कॅलिफोर्नियात कायदा झाला. आज तिथे किमान पंधरा टक्के रक्कम मुलासाठी बाजूला पडते. इंग्लंडने वेगळी वाट धरली : मूल जिथे राहते तिथल्या स्थानिक प्राधिकरणाचा परवाना. आपल्या नियमांत दोन्हींची छाया दिसते, पण एक फरक आहे. आपली परवानगी मूल राहते त्या जिल्ह्यातून नव्हे, तर काम होते त्या जिल्ह्यातून मिळते. आटपाडीचे पोर मुंबईच्या मालिकेत गेले तर कागद तिकडे होतो. इथल्या शाळेला, इथल्या तहसीलला त्याचा पत्ताही लागत नाही.

वीस टक्के थोडे की पुष्कळ? १९४२ सालच्या त्या साडेबारा वर्षांच्या मुलीच्या घराचा विचार केला, तर ऐंशी टक्के घरासाठी का सोडले ते कळते. दुष्काळी भागात पोराचे पैसे घरात येऊ नयेत असे म्हणणे सोपे नाही. पण म्हणूनच त्या वीस टक्क्यांना हात लागता कामा नये. ती मुलाची बालपणीची मजुरी आहे, आणि ती त्याला अठराव्या वर्षी मिळायची आहे.

गावाने काय करावे

कुणी मुलासाठी विचारणा करायला आले, तर पालकाने चार गोष्टी मागाव्यात. कलेक्टरच्या परवानगीची आणि हमीपत्राची प्रत. त्यात मुलाचे नाव आहे का, आणि हमीपत्राचे सहा महिने उलटले तर नाहीत ना, हे पाहावे. जबाबदार माणसाचे नाव आणि फोन नंबर. मानधन किती, हे लेखी. आणि मुदत ठेवीची पावती. ती मुलाच्या नावावर हवी. सेटवर गेल्यावर कामाला उभे केल्याची आणि सुटल्याची वेळ रोज वहीत लिहून ठेवावी. पुढे वाद झाला तर ती वहीच साक्ष देते.

शाळेचेही काम आहे. मूल न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिले तर मुख्याध्यापकाने नोडल अधिकाऱ्याला कळवायचे, असे याच नियमांत आहे. ‘आमचं पोरगं टीव्हीवर दिसलं’ या कौतुकात हजेरीपट विसरता कामा नये. यात्रा कमिटीने सुपारी देतानाच विचारावे, की तुमच्या कार्यक्रमात चौदाच्या आतले कुणी आहे का. असेल तर कागद दाखवा. मुलाशी गैरवागणूक झाल्याचे कळले तर १०९८ हा क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असून न कळवणे हा २०१२ च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे.

आटपाडीच्या मातीचा आणि पडद्याचा जुना संबंध आहे. औंध संस्थानच्या काळात इथे स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत झाली. त्या प्रयोगावर शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली आला. कथा शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांची. गुन्हेगारावर पहारेकऱ्याशिवाय विश्वास टाकता येतो, हे त्या प्रयोगाचे सांगणे होते. मुलांच्या बाबतीत मात्र विश्वास पुरत नाही, पहारा लागतो. कारण मुलाला करार वाचता येत नाही आणि पाच तास कधी भरले ते त्याला मोजता येत नाही. ते मोजायला जवळचे कुणी तरी घड्याळाकडे बघत तिथे बसले पाहिजे.